आधी चूल, मग झाड

झाडं लावून भूक मिटवता येते, असं मी बरीच वर्षं मानत आलो. कुठलीही झाडं नव्हेत. माझं झाड ठरलेलं होतं, नीरफणस. चार माणसं जमली आणि शेतीचा विषय निघाला की मी बोलणं हळूहळू नीरफणसावर आणायचो, आणि घरचे एकमेकांकडे बघून हसायचे. तो उत्साह आता उरलेला नाही. झाडावरचा जीव तसाच आहे, परसातलं झाड तोडायला कुणी आलं तर मी आडवा जाईन. पण हे झाड काय करू शकतं आणि काय नाही, याबद्दलचं माझं मत पार बदललं आहे. ज्यांच्याशी मी हिरिरीनं वाद घातले, ज्यांच्या अंगणात आग्रहानं रोपं लावली, त्यांना ते सांगायला हवं, म्हणून हे मनोगत.

घाटावरच्या वाचकांसाठी आधी ओळख करून देतो. नीरफणस हा आपल्या फणसाचा जवळचा भाऊबंद, दोघंही आर्टोकार्पस या एकाच प्रजातीतले. फणस मात्र पश्चिम घाटातला आणि हा पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचा. त्याचा रानटी पूर्वज न्यू गिनीच्या बाजूला सापडतो. तिथून बेटाबेटांवर होड्यांतून जाणाऱ्या माणसांनी तो बरोबर नेला, आणि निवडत निवडत पुष्कळ वाण बिनबियांचे केले. फळ नारळाएवढं ते लहान कलिंगडाएवढं, एक ते तीन किलोचं, हिरवं, वर षट्कोनी खुणा असलेलं. कापलं की आत गरे नाहीत, आठळ्या नाहीत. नुसता पांढरट, घट्ट, पिठूळ गर. पानं हातभर लांब आणि खोल कातरलेली, इतकी देखणी की काही जण शोभेसाठीही झाड लावतात. कोकणात, गोव्यात, पुढे मंगळूर आणि थेट केरळपर्यंत एखाद्या परसात ते उभं दिसतं. तुळूत त्याला जीगुज्जे म्हणतात, मल्याळममध्ये कडचक्क, आपल्याकडे कुणी विलायती फणसही म्हणतं. बी नसल्यामुळे मुळांना फुटलेले कोंब काढून किंवा गुटी बांधून रोप करावं लागतं. वारा, पाणी, पक्षी यांपैकी कुणीही ते पसरवत नाही. आपल्याकडचं प्रत्येक झाड कुणीतरी हातानं आणून लावलेलं असतं.

माझा युक्तिवाद साधा होता. भात दरवर्षी पेरायचा, लावायचा, कापायचा, झोडायचा. त्याला माणसं लागतात, आणि कोकणातली माणसं मुंबईला. नीरफणस एकदा लावला की पाचेक वर्षांत धरतो आणि पुढे कित्येक दशकं देत राहतो. पूर्ण वाढलेलं झाड वर्षाला दीडशे-दोनशे फळं सहज देतं. शंभर ग्रॅम गरात २७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, म्हणजे बटाट्यापेक्षा जास्त. शिवाय तंतू आणि पोटॅशियम. नांगरट नको, लावणी नको. कोकणचा पाऊस आणि दमट हवा त्याला माहेरासारखी. मोहोर गळेल की टिकेल या काळजीत हिवाळा काढणाऱ्या हापूसवाल्या नातेवाइकांना मी विचारायचो, की एका फळाच्या भरवशावर सगळा संसार टांगून ठेवण्यापेक्षा बांधावर चार नीरफणस का लावत नाही?

एकरी किती झाडं, झाडाला किती फळं, फळातून किती पीठ, असा हिशेब मी कागदावर मांडला होता. त्या हिशेबात एकच रकाना नव्हता. हे सगळं शिजवणार कोण, आणि शिजवून उरलेलं ठेवायचं कुठे?

तो रकाना माझ्या वहिनीनं मला दाखवला. आमचं घर मालवणच्या बाजूचं. मी नोकरीपायी शहरात, वाडी बघतात दादा-वहिनी. माझ्या आग्रहानं लावलेली झाडं धरू लागली आणि पावसाळ्यात एका झाडाची फळं सगळ्या वाडीला पुरून उरायला लागली. नीरफणस उतरवल्यावर दोन-तीन दिवसांत मऊ पडतो. न उतरवावा तर झाडावर पिकतो, खाली आपटून फुटतो, आणि मग अंगणात माश्या. शेजारी द्यावा तर शेजारीही मीच दिलेलं रोप फळाला आलेलं. बाजारात नेला तर गिऱ्हाईक एक घेतं, कुणी दुसरा मागत नाही. एकदा मी आणखी रोपं लावायचा बेत सांगितला तेव्हा वहिनी म्हणाली, "भावजी, येकाच झाडाचे फणस आमका संपनत नाय, तुमी आनिक झाडां कसली लावतास?" मी तिला पिठाबद्दल सांगितलं, चकत्या वाळवून दळता येतात म्हणून. त्यावर तिनं बाहेरच्या पावसाकडे हात केला. "ह्यां सगळां पावसात सुकवूचां खंय?"

झाडाचा मुख्य बहर नेमका त्या दिवसांत येतो, ज्या दिवसांत कोकणात उन्हात ठेवलेला पापडसुद्धा वाळत नाही. इतकी साधी गोष्ट माझ्या हिशेबाच्या कागदावर नव्हती. मी वाचलेल्या सगळ्या आकड्यांत फळ होतं, ऋतू नव्हता. उत्तर शोधायला मी पुस्तकांकडे वळलो, आणि तिथे या झाडाचा जो इतिहास मला पाठ होता, तोच वेगळ्या बाजूनं समोर आला.

'बाउंटी' जहाजावरच्या बंडाची गोष्ट आपल्याकडे बहुतेकांना इंग्रजी चित्रपटांमुळे माहीत असते. मला त्या गोष्टीत पूर्वी बंड दिसायचं. नंतर कुंड्या दिसू लागल्या. कारण ते जहाज निघालं होतंच मुळी नीरफणसाची रोपं आणायला. १७६९ मध्ये कॅप्टन कुकबरोबर ताहितीला गेलेल्या जोसेफ बँक्स या निसर्गअभ्यासकानं हे झाड पाहिलं आणि तो त्याच्या प्रेमात पडला. माणसानं आयुष्यात दहा झाडं लावली की स्वतःचं आणि पुढच्या पिढीचंही देणं फिटतं, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलं. माझ्या कागदावरचा हिशेब आणि बँक्सचा हिशेब यांत अडीचशे वर्षांचं अंतर सोडलं तर काही फरक नव्हता.

त्याच सुमारास कॅरिबियन बेटांवरच्या ऊसमळ्यांच्या इंग्रज मालकांना स्वस्त अन्न हवं होतं. मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेली गुलाम माणसं राबत होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धामुळे तिकडून येणारं धान्य आटलं, वर वादळांनी केळी-कंदांची नासाडी केली, आणि जमैकात हजारो गुलाम उपासमारीनं मेले. मालकांना ऊसाची जमीन अन्नासाठी सोडायची नव्हती. बांधाला उभं राहून आपोआप भाकरी देणारं झाड त्यांना पसंत पडलं, यात नवल काय? बँक्सनं शब्द टाकला, सरकारनं जहाज दिलं.

डिसेंबर १७८७ मध्ये विल्यम ब्लाय 'बाउंटी' घेऊन निघाला. कप्तानाची मोठी खोली रोपांना दिली होती. कुंड्यांतून झिरपलेलं पाणी वाया जाऊ नये, पुन्हा घालता यावं, म्हणून तिच्या जमिनीला शिशाचा पत्रा ठोकला होता. ऑक्टोबर १७८८ मध्ये जहाज ताहितीला पोचलं. रोपं रुजून प्रवासाजोगी होईतो पाच महिने गेले, आणि तेवढ्यात खलाशी बेटावर रमले. एप्रिल १७८९ मध्ये १,०१५ रोपं घेऊन जहाज सुटलं, २८ एप्रिलला ब्लायच्या हाताखालच्या फ्लेचर ख्रिश्चननं बंड केलं, आणि कुंड्या समुद्रात गेल्या. ब्लायला अठरा माणसांसह एका उघड्या होडीत बसवलं गेलं. तो ती होडी हाकत जूनमध्ये तिमोरला पोचला. १७९१ मध्ये त्याच माणसाला त्याच कामावर पुन्हा पाठवलं. या वेळी जहाज होतं 'प्रॉव्हिडन्स'. रोपांना पाणी पुरावं म्हणून परतीच्या वाटेवर खलाशांचं पाणी तोडलं. दोन हजारांवर रोपं उचलली, त्यातली सातशेच्या आत जिवंत राहिली. १७९३ च्या जानेवारीत ती सेंट व्हिन्सेंटला आणि फेब्रुवारीत जमैकाला उतरली. ब्लायला सुवर्णपदक मिळालं.

इथपर्यंतची गोष्ट मी भाषणात रंगवून सांगायचो. पुढचं पान मी कधी उलटलंच नव्हतं. झाडं जमैकाच्या मातीत जोमानं वाढली, फळंही धरली, आणि ज्यांच्या पोटासाठी हा सगळा खटाटोप केला त्यांनी ती खाल्ली नाहीत. डुकरांना घातली. या लोकांकडे स्वतःचे कंद होते, केळी होती. मळ्याच्या कडेच्या टेकडीवर मिळालेल्या तुकड्यात ते लावत, रविवारच्या बाजारात विकून चार पैसे गाठीला बांधत. गुलामीतला तेवढाच कोपरा त्यांचा स्वतःचा होता. त्या कोपऱ्याच्या जागी मालकानं निवडलेलं, मालकाच्या सोयीचं, मालकाच्या झाडाचं फळ येऊ घातलं होतं. त्यांनी तोंड फिरवलं ते नुसत्या चवीपायी असं मला आता वाटत नाही.

१८३८ मध्ये जमैकातली गुलामी पुरती संपली. सुटलेल्या माणसांनी डोंगरात वस्त्या केल्या, स्वतःची घरं बांधली, आणि त्या घरांच्या मागं नीरफणस लावला. आज जमैकात अख्खं फळ निखाऱ्यावर साल काळी होईस्तोवर भाजतात, सोलून फोडी करतात आणि अॅकी नावाचं फळ व खारवलेला मासा यांच्याबरोबर खातात. सेंट व्हिन्सेंटमध्ये भाजलेला नीरफणस आणि तळलेला मासा हे राष्ट्रीय पक्वान्न आहे. झाड तेच, फळ तेच. मधल्या काळात फक्त त्याचा धनी बदलला.

हे वाचताना मला आमच्या आधीच्या पिढीकडून ऐकलेला मिलो आठवला. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली ती अमेरिकेतली तांबडी ज्वारी. तिनं लोकांना जगवलं, हे कुणी नाकारत नाही. पण ज्यांनी ती खाल्ली त्यांच्या बोलण्यात आजही कडवटपणा येतो: जनावरांचा दाणा आमच्या ताटात घातला म्हणून. दुष्काळ सरला आणि मिलो ताटातून गेला. तिच्या आठवणीनं कुणी भाकरी मागितली नाही, की शेतात तिचं बी टाकलं नाही. पोट भरणं आणि अन्न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या कागदावर मी पहिलीचाच हिशेब केला होता.

त्याहून मोठा धक्का वेगळ्याच ठिकाणी बसला. नीरफणस नासतो ही वहिनीची अडचण पॅसिफिकच्या बेटांवर कधीच सोडवलेली होती. मार्केसास बेटांवर आणि ताहितीत पिकत आलेली फळं सोलून, मधला दांडा काढून, पानांचं अस्तर लावलेल्या खड्ड्यात दाबून भरत. वर पुन्हा पानं, त्यावर दगड. आत ते आंबायचं आणि आंबट पिठाच्या गोळ्यासारखं व्हायचं. असं पीठ महिनोन्महिने, चांगल्या खड्ड्यात वर्षानुवर्षं टिकायचं. लागेल तसं काढायचं, मळायचं, पानात गुंडाळून तापलेल्या दगडांच्या भट्टीत भाजायचं, नाही तर ताज्या कुटलेल्या फळात मिसळून खायचं. अवर्षण पडलं, वादळानं बागा झोपल्या, शेजारच्या टोळीनं वेढा घातला, तरी खड्डा असे. मार्केसासमध्ये त्याला मा म्हणत, ताहितीत माही, सामोआत मासी. म्हणजे बेटांवरच्या माणसांना दुष्काळात तारत होता तो जमिनीखालचा खड्डा. झाड त्याचा अर्धाच भाग.

बँक्सनं हा प्रकार पाहिला होता, रोजनिशीत तपशिलानं लिहिला होता. पण जमैकाला गेली ती झाडं. ताहितीचा एक माणूस झाडांबरोबर जमैकात उतरला होता, तो तिथे फार काळ जगला नाही. खड्डा कसा खणायचा, कुठली पानं लावायची, किती आंबू द्यायचं, हे सगळं मागे राहिलं. कुंडीत मावतं तेवढंच ब्लायनं नेलं.

त्या बेटांवर या झाडाचं काहीच वाया जात नसे, हेही मला तेव्हाच कळलं. हलकं, टिकाऊ लाकूड होड्यांना आणि घरांना. कोवळ्या फांद्यांची साल कुटून कापड. चीक होडीच्या फटी बुजवायला आणि पक्षी धरायला. मोठाली पानं भट्टीवर झाकायला आणि जेवण बांधायला. झाडाखाली गळून पडणारे पिवळसर नरफुलोरे वाळवून पेटवले की धुरानं डास पळत. २०१२ मध्ये संशोधकांनी त्या फुलोऱ्यांतली डास पळवणारी स्निग्धाम्लं शोधूनही काढली. आमच्याकडे ते फुलोरे वहिनी केरसुणीनं लोटून टाकते. झाड पोचलं, पण त्याच्याभोवतीची ही सगळी वहिवाट आमच्या अंगणात कधी आलीच नाही.

हे सगळं मी एका मित्रापुढे मांडलं तेव्हा त्यानं अडवलं. तो म्हणाला, "मग केरळातल्या टॅपिओकाचं काय?" प्रश्न रास्त होता. टॅपिओका, म्हणजे कसावा, हाही परका कंद, दक्षिण अमेरिकेतला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी त्याचा प्रसार केला. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला, तिथला तांदूळ यायचा थांबला, आणि त्रावणकोरला या कंदानं तारलं. तिथं तर नवं पीक सरळ भुकेच्या दारातून आत आलं, आणि राजाच्या इच्छेनं आलं. आज कप्पा, म्हणजे हाच कंद, आणि माशाची आमटी केरळी माणूस अभिमानानं खातो.

या उदाहरणाशी मी बराच झगडलो, कारण ते माझ्या नव्या मताच्या आड येत होतं. मग लक्षात आलं की कसाव्याला खड्डा लागत नाही. कंद गरज पडेतो जमिनीतच राहतो. आणि काढलेला कंद कापून, उकडून, कडक उन्हात वाळवून पावसाळ्यासाठी भरून ठेवायची रीत केरळातल्या घरांनी बसवली. त्या कामाला अख्खी आळी जमते. म्हणजे भुकेच्या दारातून पीक येऊ शकतं, हे मला मान्य करावं लागलं. ते घरात टिकतं मात्र तेव्हाच, जेव्हा त्याला साठवायची युक्ती आणि त्याच्या शेजारी वाढायचं कालवण या दोन्ही गोष्टी जवळ असतात. माझं मत मी तेवढं दुरुस्त करून घेतलं.

आणि तोच कसावा महाराष्ट्रात कुठल्या दारानं आला? साबुदाणा होऊन, उपवासाच्या दारानं. तमिळनाडूतल्या सेलमच्या कारखान्यांतून निघालेले ते पांढरे मोती आषाढी एकादशीला घरोघर भिजत पडतात. साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची ही उपवासाच्या ताटातली मंडळी मुळात अमेरिका खंडांतली. जुन्या धान्यांवर बंदी असलेल्या दिवशी या पाहुण्यांना आमच्या स्वयंपाकघरात पाट मिळाला. ज्या दिवशी नेहमीचं खायचं नसतं, त्या दिवशी नवं चाखायला माणूस तयार असतो.

नीरफणसाचं कोकणात नेमकं तेच झालं होतं, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर असून मी त्याला कधी किंमत दिली नव्हती. आमच्याकडे तो भाकरीची जागा घ्यायला आलाच नाही. तो आला श्रावणात, मासे बंद असतात तेव्हा. मासेखाऊ माणसाला महिनाभर ताटात एक कडा रिकामी वाटते. ती कडा त्यानं भरून काढली.

नीरफणसाची कापं ही करून बघायची गोष्ट. फळ पूर्ण वाढलेलं पण कडक हवं. चीक हाताला लागू नये म्हणून सुरीला आणि बोटांना तेल. साल काढायची, मधला दांडा काढायचा, आणि बोटाएवढ्या जाडीच्या अर्धचंद्राकृती फोडी करून लगेच मिठाच्या पाण्यात, नाही तर काळ्या पडतात. निथळून हळद, मीठ, मालवणी मसाला आणि कोकमाचं आगळ चोळून ठेवायच्या. मग तांदळाच्या पिठात थोडा रवा घालून त्यात घोळवायच्या आणि तव्यावर तेल सोडून मंद आचेवर, पहिल्यांदा झाकण ठेवून, मग उघड्यावर, दोन्ही बाजूंनी कुरकुरीत करायच्या. वरून कडा मोडते, आतून पिठूळ मऊ. सुरमईची तुकडी खाल्ल्याचं समाधान पुरतं मिळत नाही, पण बाजूला गरम भात आणि सोलकढी असेल तर तक्रारही राहत नाही. मंगळूरकडचे कोंकणी लोक अशाच फोडी करतात. शिवाय ओलं खोबरं घालून भाजी होते, डाळीच्या पिठात बुडवून भजी होतात.

या पदार्थात कुठे पोषणाचा हिशेब नाही, हेक्टरी उत्पन्न नाही. पण या एका पदार्थामुळे कोकणातल्या परसात ते झाड टिकलं आहे. कुठल्याही सरकारनं, कुठल्याही बँक्सनं, कुठल्याही माझ्यासारख्या उत्साही माणसानं सांगितलं नसतानाही लोक मुळाचा कोंब काढून लेकीच्या सासरी देतात. ज्या स्वयंपाकाला मी 'नुसती चैन' समजत होतो, तोच या झाडाचा खरा रखवालदार निघाला.

मग मी जुनं सगळं टाकून दिलं का? नाही. वार्षिक पिकांपेक्षा झाडांचं अन्न जमिनीला सोसतं, हे मी आजही म्हणतो. तापमान वाढत गेलं तरी नीरफणसाला योग्य प्रदेश फारसा घटणार नाही, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडलं आहे. तांदूळ, गहू, मका यांच्याबद्दल इतकं निर्धास्त कुणी बोलत नाही. हवाई बेटांवर शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये नीरफणसासाठी सहकारी संस्था काढली. ती फळं गोळा करते, वाफवते, कापून गोठवते, पीठही करते. तिथल्या मुलांच्या शाळेतल्या जेवणातही ते जातं. हे वाचून पूर्वी मी म्हटलं असतं, बघा, झाड किती उपयोगी! आता वेगळं दिसतं. त्यांनी नव्या काळातला खड्डा खणला आहे. विजेवर चालणारा, थंडगार, पण काम तेच. ग्लूटेन नसलेलं पीठ म्हणून युरोप-अमेरिकेत त्याला गिऱ्हाईकही आहे. तांदळाची भाकरी खाणाऱ्या कोकणी माणसाला मात्र ग्लूटेन नसण्याचं कौतुक सांगून काही उपयोग नाही. त्याच्या भाकरीत ते कधी नव्हतंच.

त्यामुळे आता कुणी सामाजिक संस्थेतलं किंवा उत्साही तरुण माझ्याकडे आलं, की गावात नीरफणसाची रोपं वाटू या, तर मी रोपांचा विषय काढतच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये रोज पोतंभर फळ आलं तर ते कुठे वाळवणार, असं आधी विचारतो. लाकडाच्या धगीवरचा सुकवणी माळा आहे का? विजेवरचं यंत्र असेल तर पावसात वीज किती तास टिकते? ते काम कोण करणार, बायकाच ना, आणि त्यांना त्या वेळी भातलावणी आहे की नाही? त्यांना कुणी विचारलं आहे का? वाळलेल्या चकत्यांचं पीठ झालं तर त्याचं घरात काय करणार, घावन की थालीपीठ, आणि ते करून कुणी चाखलं आहे का? या प्रश्नांना उत्तरं असतील तर रोपं मिळवणं ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे. एका जुन्या झाडाच्या मुळाशी ती दरवर्षी फुकट उगवतात.

आलेली मंडळी बहुधा नाराज होऊन जातात. रोपं वाटण्याचा फोटो निघतो, सुकवणी माळ्याचा निघत नाही. पण रोपांसाठी जमवलेल्या पैशातला मोठा वाटा आधी वाळवणावर आणि चुलीवर खर्च करायला जे गाव तयार होईल, तिथे खड्डे खणायला मी स्वतः कुदळ घेऊन जाईन. तोवर माझं सांगणं एवढंच: परसात एक झाड लावा, दोन नको, आणि श्रावणात शेजाऱ्यांना कापं खायला बोलवा.